सोनेरी चौकटीचा जुना आरसा: जतनकामाच्या नोंदी

१२ जून

आज सकाळी आरसा कोठारातून कार्यशाळेत आणला. संग्रहाच्या नोंदवहीत त्याच्याविषयी एकच ओळ आहे: "मोठा आरसा, सोनेरी कोरीव चौकट, काच खराब." व्यवस्थापनाच्या पत्रातही शेवटच्या दोन शब्दांवरच भर असून, काच बदलून आरसा वर्षअखेरीच्या प्रदर्शनासाठी तयार करता येईल का, अशी विचारणा आहे. उत्तर देण्यापूर्वी "काच खराब" म्हणजे नेमके काय झाले आहे, हे पाहणे मला आवश्यक वाटते.

चौकटीसह उंची १९४ सेंमी, रुंदी ९८ सेंमी. आत दोन काचा आहेत: खालची मुख्य काच १२४ सेंमी उंच आणि ७२ सेंमी रुंद, तर तिच्या वर कमानदार कडेची ४१ सेंमी उंचीची दुसरी. मोठी सलग काच बनवणे अवघड आणि अतिशय खर्चिक असल्यामुळे दोन काचा एकावर एक बसवून उंच आरसा करण्याची पद्धत होती, तेव्हा मधला सांधा हा दोष समजू नये. चौकटीवर पानांच्या वेली, माथ्यावर शिंपल्याची नक्षी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पक्षी आहे. डाव्या पक्ष्याची चोच आणि उजवीकडच्या वेलीचे एक पान नाहीसे झाले आहे.

आणताना चौघांनी आरसा पूर्ण वेळ उभाच धरला. चौकटीतली कोणतीही वस्तू आली की ती मऊ अंथरुणावर पालथी ठेवायची, ही आमच्या हातांची सवय; जुन्या आरशापुरती ती मोडावी लागते. त्याच्या पाठीवर पाऱ्याचा थर असण्याची शक्यता असते आणि त्यातला काही पारा द्रवरूपच असतो, त्यामुळे आरसा आडवा किंवा उलटा केला की तो पारा नव्या वाटेने वाहू लागतो. काम सुरू करण्यापूर्वी सर्वांनी अंगठ्या आणि साखळ्या काढून ठेवल्या, कारण पारा लागलेले सोने पांढरे पडते आणि ठिसूळ होते. हे वाक्य मी नवीन सहकाऱ्यांना नेहमी सांगते. या आरशाच्या बाबतीत ते किती महत्त्वाचे ठरणार आहे, हे त्या वेळी लक्षात आले नाही.

१३ जून

छायाचित्रण. आरशासमोर काळे कापड ताणून, त्याला पाडलेल्या भोकातून कॅमेऱ्याचे भिंग बाहेर काढले, तेव्हा कुठे आरशात आमच्याऐवजी काळोख दिसू लागला आणि काचेची स्वतःची स्थिती टिपता आली. त्यानंतर एका कडेने तिरपा प्रकाश टाकून चौकट टिपली. सोन्याच्या वर्खाखालच्या खडूच्या अस्तरातली भेग न् भेग त्यात उठून दिसते.

१६ जून

पाठ उघडण्यापूर्वी समोरूनच जे कळू शकते ते पाहिले. पांढऱ्या कागदाची पट्टी दोन्ही काचांसमोर धरली. खालच्या काचेतले प्रतिबिंब करडे, किंचित निळसर आणि मंद दिसले. वरच्या काचेतले उजळ आणि काहीसे पिवळसर. कथील-पाऱ्याचा आरसा आणि चांदीचा आरसा यांच्यातला हा नेहमीचा फरक आहे. खालच्या काचेच्या चारही कडांना उतार घासलेला असून तो इतका हलका आहे की डोळ्यांपेक्षा बोटालाच आधी जाणवतो आणि सगळीकडे सारख्या रुंदीचा नाही. तो हाताने घासलेला आहे. वरच्या काचेचा उतार खडा आणि एकसारखा आहे.

पेन्सिलीचे टोक काचेला टेकवून आरशाचे वय सांगण्याची एक लोकप्रिय युक्ती आहे. टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यातले अंतर काचेच्या जाडीवर अवलंबून असते. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, वयाचा येत नाही. म्हणून ती चाचणी अहवालात घेतली नाही.

१९ जून

आरसा उभ्या घोडीवर पट्ट्यांनी बांधून त्याची पाठ उघडली. खोलीतले तापमान १८ अंशांवर आणले होते, हवा बाहेर खेचणारा पंखा सुरू होता आणि पाऱ्याची वाफ मोजणारे यंत्र शेजारी होते. तापमानाबाबत मी आग्रही असते, कारण दर १० अंशांच्या वाढीला पाऱ्याच्या वाफेचा दाब सुमारे दुप्पट होतो. पाठफळी सैल करताच यंत्राने तिच्या फटीशी हवेच्या घनमीटरला ६ मायक्रोग्रॅम दाखवले. अर्ध्या तासाने उभ्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर तोच आकडा ०.४ होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार हवेतील पाऱ्याची वार्षिक सरासरी घनमीटरला १ मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. घाबरण्याजोगे काही नाही, परंतु निष्काळजीपणाही चालणार नाही.

पाठफळ्या दोन आहेत आणि त्या एका काळच्या नाहीत. खालच्या फळीवर करवतीच्या सरळ, पण किंचित असमान रेघा आहेत आणि ती लोहाराने हाताने ठोकून केलेल्या चौकोनी खिळ्यांनी बसवलेली आहे. वरच्या फळीवर गोल करवतीच्या कमानी उमटल्या आहेत आणि तिचे खिळे तारेपासून यंत्राने केलेले, गोल दांड्याचे आहेत. तसे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्रास वापरात आले.

खालच्या फळीमागे, चौकटीच्या खाचेत, पाऱ्याचे थेंब सापडले. सर्वांत मोठा ज्वारीच्या दाण्याएवढा होता. सुई काढलेल्या पिचकारीने ते एकेक करून ओढून घेतले आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत, पाण्याच्या थराखाली ठेवले. एकत्र वजन २.३ ग्रॅम भरले. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पट असल्यामुळे हे वजन बाटलीच्या तळाशी अगदी थोडी जागा व्यापते. घरगुती किंवा कार्यशाळेतला साधा निर्वात झाडू (व्हॅक्यूम क्लीनर) अशा वेळी कधीही वापरू नये, कारण तो पाऱ्याचे बारीक कण करून खोलीभर पसरवतो. बाटलीवर संग्रह क्रमांक घातला. हा पारा कचरा नाही, आरशाचाच भाग आहे, असे मी मानते.

२० जून

क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने, म्हणजे क्ष-किरण टाकून वस्तूतली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या यंत्राने, दोन्ही काचांची पाठ तपासली. खालच्या काचेवर कथील आणि पारा. वरच्या काचेवर चांदी, आणि तिच्यावरच्या तांबड्या रंगात शिसे, म्हणजे तो शेंदुराचा संरक्षक लेप आहे.

आता गोष्टी जुळतात. काचेवर चांदी बसवण्याची रासायनिक कृती युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये शोधली आणि पुढे तिने पाऱ्याच्या आरशांना हळूहळू बाजूला सारले. चांदीची काच, यंत्राने घासलेला तिचा उतार, गोल करवतीची फळी आणि तारेचे खिळे या चारही खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात: वरची काच केव्हातरी फुटली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर ती बदलण्यात आली. ज्याने हे काम केले त्याने खालची काच मात्र तशीच राहू दिली, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

२४ जून

आजचा पूर्ण दिवस खालच्या काचेच्या पाठीला दिला.

आपण कोणताही आरसा अंधुक झाला की "पारा उडाला" असे म्हणतो, मग तो चांदीचा असो किंवा अॅल्युमिनियमचा. हा शब्दप्रयोग ज्या आरशांमुळे आला त्यांपैकी एक समोर उभा आहे. सोळाव्या शतकापासून साधारण १९०० पर्यंत आरसे याच पद्धतीने होत असत. गुळगुळीत दगडी मेजावर कथलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा चोळून नंतर पाऱ्याचे तळे होईल इतका तो ओतायचा, आणि घासून चकाकी दिलेली काच एका कडेने त्या तळ्यावरून अशी सरकवायची की खाली हवेचा बुडबुडा किंवा मळ राहू नये. मग काचेवर वजने ठेवून जादा पारा दाबून काढायचा, मेज थोडे तिरके करायचे आणि पारा निथळण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहायची. तयार होणारा पारदमेल, म्हणजे पाऱ्याची मिश्रधातू, एकजीव नसतो: कथील आणि पारा यांचे घन स्फटिक असतात आणि त्या स्फटिकांमधल्या फटींत, जवळजवळ शुद्ध असा द्रव पारा. आरसा भिंतीवर टांगल्यावरही ते निथळणे पूर्ण थांबत नाही. गुरुत्वाकर्षणाने द्रव पारा पिढ्यान्पिढ्या खाली उतरत राहतो, काही वाफ होऊन जातो, स्फटिक मोठे होत जातात आणि ज्या कडेला पारा जमतो तेथे कथलाचे ऑक्साइड होऊन थर करडा, निस्तेज पडतो. समोरून पाहणाऱ्याला जे ठिपके आणि ढग दिसतात ते या प्रक्रियेचे टप्पे आहेत.

यामुळे अशा आरशाची खालची कड सर्वांत आधी जाते, हे अपेक्षितच होते. काचेवर पारदर्शक पॉलिएस्टरचा पडदा लावून मी गंजलेल्या भागाची बाह्यरेषा मूळ आकारातच उतरवून घेतली. खालच्या कडेला पट्टा ४ ते ६ सेंमी रुंद आहे. परंतु दुपारनंतर, आरशाच्या पाठीवरून पाहता उजवीकडे, म्हणजे समोरून डावीकडे, त्याच जातीचा २ ते ३ सेंमी रुंदीचा दुसरा पट्टा पूर्ण उंचीभर सापडला. समोरची कड चौकटीच्या ओठाखाली अर्धी झाकलेली असल्याने तो आजवर नजरेत भरला नव्हता. उजव्या कडेला असे काहीही नाही.

उभ्या आरशात पारा कुशीला वाहू शकत नाही. हा आरसा दीर्घ काळ डाव्या कुशीवर आडवा ठेवलेला होता, एवढाच याचा अर्थ मला लावता येतो.

मग चौकटीकडे गेले. डाव्या उभ्या पट्टीवर, काचेलगतच्या आतल्या ओठावर, सोन्याच्या वर्खात नखाएवढे सात पांढरट डाग आहेत. पहिल्या दिवशी मी ते मळ किंवा चुन्याचे शिंतोडे म्हणून नोंदले होते. यंत्राने तेथे सोन्याबरोबर पारा दाखवला. काचेमागून निथळलेला पारा खाचेतून पुढे झिरपून वर्खात मिसळला आहे. चौकटीच्या खालच्या पट्टीवर असे डाग नऊ आहेत; उजव्या पट्टीवर एकही नाही. काच आणि चौकट दोघीही एकच साक्ष देत आहेत. कोणत्याही कागदात नसलेली ही हकीकत आरशाने अंगावर लिहून ठेवली आहे, आणि ती वाचता आली याचा आजचा आनंद मी येथे नोंदवून ठेवते.

२७ जून

अहवालाच्या पार्श्वभूमीसाठी थोडे वाचन केले. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर लिहिले, तेव्हा आरसे बनवणाऱ्यांचाही त्यांत समावेश केला; पाऱ्याशी रोजचा संबंध आल्याने या माणसांचे हातपाय लुळे पडतात आणि त्यांना दम लागतो, असे त्यांचे निरीक्षण होते. १८६१ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी जर्मनीतल्या आरसा-कामगारांमधल्या पाराविषबाधेचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या प्रसिद्ध दालनातले ३५७ आरसे सांगताना आपण राजाचे आणि वास्तुरचनाकाराचे नाव घेतो. पाऱ्याच्या मेजाशी उभे राहिलेल्यांची नावे कोणाला ठाऊक नसतात. या आरशाच्या माहितीफलकावर एक वाक्य त्यांच्यासाठी असले पाहिजे, असे मी आजच लिहून ठेवते.

३ जुलै

व्यवस्थापनाला लेखी उत्तर दिले. मुद्दे येथे थोडक्यात ठेवते.

मूळ काच काढून नवी बसवल्यास आरसा झळकेल, परंतु चौकटीत जे दिसेल ते आजचे असेल आणि पाहणाऱ्याला मात्र ते जुने वाटेल. मूळ काच ठेवून तिच्यावर नव्याने चांदी चढवणे हा दुसरा पर्याय. त्यासाठी पारदमेल खरवडून टाकावा लागतो, म्हणजे जे जतन करायचे तेच नष्ट करावे लागते, आणि हे कृत्य परत फिरवता येत नाही. पारदमेलाचा नवा थर देणे हा आरोग्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा पर्याय नाही. काच मुळात खराब झालेली नाही. तिचा मधला, सुमारे चार पंचमांश भाग अजून प्रतिबिंब देतो. मंद आणि करडे, परंतु सलग. माझी शिफारस अशी की दोन्ही काचा आहेत तशा ठेवाव्यात, पारा सुरक्षितपणे साठेल अशी सोय करावी, चौकटीचे सुटलेले अस्तर बसवावे आणि आरसा उजळ दिसण्याचा प्रश्न दालनातल्या प्रकाशयोजनेने सोडवावा.

वरची चांदीची काच "मूळची नाही" म्हणून काढावी, अशीही एक सूचना आली होती. तिला मी स्पष्ट विरोध केला. ती दुरुस्ती आता स्वतःच जुनी झाली आहे, आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काचांतून आरसे बनवण्याच्या दोन पद्धती पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात दिसतात.

११ जुलै

शिफारस मान्य झाली. अभिरक्षकांनी बैठकीत गंजाचा नकाशा सर्वांसमोर मांडला, त्याचा उपयोग झाला.

१५ जुलै

चौकटीचे काम सुरू केले. लाकडावर खडू आणि सरसाचे अनेक थर, त्यावर तांबड्या चिकणमातीचा पातळ हात, त्यावर पाण्याने बसवलेला सोन्याचा वर्ख आणि उंचवट्यांवर अकिकाच्या दगडाने घासून आणलेली झळाळी, अशी तिची रचना आहे. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. आर्द्रता बदलली की लाकूड आडवे फुगते आणि आकसते, खडूचे अस्तर मात्र त्याच्याबरोबर हलत नाही. त्यामुळे ते भेगाळते आणि पापुद्रे सुटतात. १३ जूनच्या छायाचित्रांवर सुटलेल्या जागा खुणावून मोजल्या: ११२.

१८ जुलै ते २ ऑगस्ट

रोज सहा ते दहा पापुद्रे. आधी इथेनॉलचा एक थेंब, म्हणजे सरस खोलवर ओढला जातो; मग माशाच्या सरसाचे पातळ द्रावण बारीक कुंचल्याने; मग सिलिकॉनचा कागद ठेवून बोटाचा दाब, सरस धरेपर्यंत. पाण्याने बसवलेला वर्ख पाण्यानेच सुटतो, म्हणून बाहेर आलेला सरस ताबडतोब, कोरडसर कापसाने, न घासता टिपावा लागतो. या कामाविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही, परंतु महिन्यातला सर्वांत मोठा वेळ यातच गेला.

५ ऑगस्ट

माथ्यावरचा शिंपला हिरवट तपकिरी दिसतो, त्याचे कारण कळले: यंत्राने तेथे तांबे आणि जस्त दाखवले. झिजलेल्या वर्खावर कोणीतरी पितळेच्या भुकटीचा सोनेरी रंग फासला होता आणि तो काळवंडला आहे. अतिनील प्रकाशात त्याखालचा थर नारिंगी चमकला. ती लाख आहे. म्हणजे पितळी रंग आणि वर्ख यांच्यामध्ये लाखेचा एक थर आहे आणि तो आमच्या फायद्याचा आहे, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि पाण्याने बसवलेल्या वर्खाला त्याने इजा होत नाही.

८ ते १९ ऑगस्ट

शिंपल्यावरचा पितळी रंग काढला. इथेनॉलने ओलसर केलेला कापसाचा बोळा फिरवत, घासण्याऐवजी लोळवत. एकूण ६४० बोळे लागले. खालून आलेले सोने सलग नाही. उंचवट्यांवर तांबडी माती दिसते, काही ठिकाणी पांढरा खडूही. तांबडी माती दिसते तेथे काहीही केले नाही. उघड्या पांढऱ्या जागा मात्र नजर अडवतात, म्हणून त्यांना जलरंगाने मातीचा तांबूस रंग दिला. ओल्या बोळ्याने तो केव्हाही पुसता येईल.

चोच आणि पान नव्याने कोरून बसवावे का, यावर सहकाऱ्यांशी दोन दिवस चर्चा झाली. दुसऱ्या बाजूचे पान शाबूत असल्यामुळे आकार नेमका मिळू शकला असता, आणि नव्याने कोरलेला तुकडा चुंबकाने बसवून काढता-घालता ठेवण्याची एका सहकाऱ्याची कल्पना चांगली होती. तरीही मी नको म्हटले. वेलीचा तोल एका पानाने बिघडलेला नाही आणि चोच नसलेला पक्षी पक्षीच दिसतो.

वर्खावरचे सोळाही पांढरे डाग तसेच ठेवले. मिसळलेला पारा उष्णतेने उडवता येतो, पण त्याने हवेत विषारी वाफ आणि चौकटीवर जळका डाग उरेल.

२० ऑगस्ट

काचांचा दर्शनी भाग स्वच्छ केला. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ, नंतर पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणाने जेमतेम दमट केलेला सुती कपडा, तोही कडांपासून ३ सेंमी आत. काच पुसण्याचे फवारे अशा आरशावर कधीही मारू नयेत. ओघळ कडेवरून मागे शिरतो आणि पाठीवरच्या थराला गंज चढतो.

४ सप्टेंबर

पाठ बंद केली. जुन्या दोन्ही फळ्या त्यांच्याच खिळ्यांच्या भोकांत परत बसल्या. खालच्या खाचेत, काचेला न टेकता, पॉलिएस्टरच्या पडद्याची उथळ पन्हळ घातली आहे, तिला एका टोकाकडे किंचित उतार आहे आणि त्या टोकाला लहान कुपी. चौकटीच्या आतल्या ओठाला, वर्खाच्या मागच्या बाजूने, त्याच पडद्याची पट्टी लावली, जेणेकरून पुढचा थेंब सोन्यापर्यंत पोहोचू नये. पाठीवर मोठ्या अक्षरांत सूचना चिकटवली: वरची बाजू, पाऱ्याचा आरसा, आडवा करू नये.

१८ सप्टेंबर

दालनात प्रकाशाची चाचणी. पहिल्या प्रयत्नात दिवा आरशावर रोखला होता, आणि त्यात ठिपके, ढग आणि धुळीचे कण तेवढे उजळून निघाले. बघणाऱ्याचा चेहरा काळोखात राहिला. आरसा त्याच्यासमोर जे उजळलेले असेल तेच दाखवतो. म्हणून दिवा फिरवून समोरच्या भिंतीवर आणि पाहणारा जेथे उभा राहील त्या जागेवर टाकला, आरशावर थेट प्रकाश ठेवलाच नाही. खालच्या काचेत लगेच खोली उमटली. त्या करड्या, थोड्या लहरणाऱ्या प्रतिबिंबात माणसाचा चेहरा सौम्य आणि जवळचा दिसतो, आणि वरच्या चांदीच्या काचेत त्याच भिंतीचा तुकडा लख्ख. अभिरक्षक बराच वेळ काही न बोलता समोर उभे होते.

२२ सप्टेंबर

आरसा जागेवर टांगला. उन्हाची तिरीप आणि उष्ण दिवे यांपासून दूर, आतल्या भिंतीवर, हवा फिरेल एवढे ३ सेंमी अंतर मागे सोडून. दालनाचे तापमान २० अंश, सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. टांगल्यानंतर तीन तासांनी चौकटीसमोर पाऱ्याच्या वाफेचे मोजमाप घनमीटरला ०.१ मायक्रोग्रॅम आले.

माहितीफलकावर आरसा-कामगारांविषयीचे वाक्य आहे, आणि डाव्या कडेच्या पट्ट्याविषयीचेही. गंजाचा नकाशा, छायाचित्रे आणि २.३ ग्रॅमची बाटली संग्रह क्रमांकासह सुपूर्द केली. पुढची तपासणी मार्चमध्ये: कुपीतला पारा वजन करून नोंदवायचा, आणि तोच पॉलिएस्टरचा पडदा काचेवर लावून पट्ट्यांच्या कडा पुढे सरकल्या का ते पाहायचे.